अंगावरचे सपाट डाग: शिबं, कोड, वांग की चट्टा?

अंजनेरीकर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी पाठीवरच्या पांढुरक्या डागांचा फोटो टाकला आणि चहा गार व्हायच्या आत निकाल पण लागला. निम्म्यांनी कोड ठरवलं, दोघांनी दबक्या आवाजात कुष्ठरोग म्हटलं, एकाने गोमूत्र सांगितलं आणि एक वहिनी थेट "सध्या स्थळं बघताय का" वर गेल्या. मला ते शिबं वाटलं, पण फोटोवरून मी काही बोललो नाही, कारण या डागांचं असं आहे की रंग सगळ्यात जास्त फसवतो, बोट लावल्याशिवाय काही खरं नसतं.

मी कुष्ठरोग विभागात तंत्रज्ञ होतो, आता रिटायर. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकच्या पाड्यांवर आणि आश्रमशाळांत पोरांचे शर्ट काढायला लावून पाठी तपासणं हीच नोकरी. डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही, डाग बघायचा कसा तेवढं लिहितो.

पहिलं म्हणजे डोळे मिटून डागावरून बोट फिरवा. डाग कुठे सुरू झाला कुठे संपला ते बोटाला कळलंच नाही तर तो सपाट. कड उचललेली लागली, मध्ये साफ आणि कडेला खाज, तर तो नायटा असायची शक्यता जास्त, त्याचा धागा वेगळा. पित्ताच्या गांधी पण फुगलेल्या असतात आणि बहुतेक वेळा दिवसभरात जागा बदलतात.

दुसरं, उजेडात बघा. ट्यूबलाईटखाली नाही, सकाळी गॅलरीत. डाग पांढराफटक आहे, म्हणजे रंग पूर्ण गेलाय, की नुसता फिकट पडलाय? हा फरक फार मोठा आहे. कोडात रंग पूर्ण जातो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, लालसर असतो, तांबूस असतो पण दुधासारखा पांढरा कधी नसतो. लोक नेमके उलटं धरतात, पांढरा डाग दिसला की घाबरतात आणि फिकट लालसर चट्टा वर्षानुवर्षं अंगावर घेऊन हिंडतात, कारण तो ना दुखतो ना खाजतो.

तिसरं, नखाने हलकंच खरवडा. बारीक कोंडा उडाला, जागा छाती पाठ खांदे मानेची असेल, माणूस घामट असेल आणि दिवस पावसाळ्याचे किंवा एप्रिल-मेचे, तर शिबं. ती बुरशी आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर असते, घाम आणि तेलकटपणा मिळाला की माजते. कोणाला लागत वगैरे नाही.

चौथं म्हणजे बधिरपणा, माझं आवडतं. ते कसं तपासायचं हे सांगतो कारण ९० टक्के लोक चुकीचं तपासतात (हा आकडा माझा अंदाज, भांडू नका). सुई टोचून "दुखतंय का" विचारायचं नाही. कापसाची बारीक वात करायची, टोक टोकदार. आधी पेशंटचे डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर वात टेकवून दाखवायची, जिथे लागेल तिथे स्वतःच्या बोटाने दाखव म्हणायचं. मग डोळे मिटायचे. वात फिरवायची नाही, नुसती टेकवायची, कातडीवर वाकेल इतपतच. कधी डागावर, कधी डागाबाहेर, मध्येच काहीच न करता थांबायचं. "कळलं का" असं विचारलं की पोरगं घाबरून प्रत्येक वेळी हो म्हणतं, म्हणून बोट ठेवायला लावायचं. बाहेरच्या जागा बरोबर दाखवतोय आणि डागावर वात टेकली की गप्प बसतोय, तर दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

अजून एक जुनी युक्ती. पोरांना मैदानात पळायला लावायचं. अख्खी पाठ घामाने चमकते आणि चट्टा तेवढा कोरडा राहतो, कारण तिथल्या घामाच्या ग्रंथींपर्यंतच्या नसाच गेलेल्या असतात. चट्ट्यावरची लव पण कमी होते.

लाल-जांभळ्या डागांना पाचवी तपासणी आहे पण जेवायची वेळ झाली, बाकीच्यांनी लिहा.

कॉलेजरोडची_आई

काका मस्त लिहिलंय. माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या दोन्ही गालांवर फिकट गोल डाग आहेत, कड धड दिसत नाही, हिवाळ्यात हात लावला तर खरखरीत लागतात. सासूबाई म्हणतात जंत झालेत, माझी आई म्हणते कॅल्शियम कमी, शाळेतल्या एका मॅडम म्हणाल्या दूध बंद करा. जंताचं औषध दिलं, कॅल्शियम दिलं, डाग आहे तिथेच. तुमची पोस्ट वाचून कापूस घेऊन बसले तर हसून हसून लोळायला लागला, गुदगुल्या होतात म्हणे!

स्किनवाले_डॉक

ताई, गुदगुल्या होणं ही चांगलीच बातमी आहे. वर्णनावरून हा पिटिरियासिस अल्बा वाटतो, म्हणजे सौम्य एक्झिमाचाच एक प्रकार, कोरड्या कातडीच्या मुलांमध्ये गालांवर होतो. जंतांशी आणि कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही, हे ओपीडीत रोज बोलून माझा घसा बसलाय. उन्हाळ्यात आजूबाजूची कातडी रापते म्हणून डाग जास्त उठून दिसतो आणि सगळ्यांना वाटतं वाढला. आंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर, तोंडाला साबण कमी, उन्हात टोपी. रंग भरायला महिने जातात, क्वचित वर्षाच्या वर. तरी एकदा प्रत्यक्ष दाखवा.

अंजनेरीकर काका, एक पुरवणी, राग मानू नका. बधिरपणा नाही म्हणजे कुष्ठरोग नाही, असं उलट धरता येत नाही. चेहऱ्यावर नसांचं जाळं इतकं दाट असतं की चट्टा असूनही स्पर्श कळू शकतो आणि अगदी सुरुवातीच्या चट्ट्यात पण संवेदना शाबूत असू शकते. जंतू जास्त असलेल्या प्रकारात तर डाग पुष्कळ, पुसट, दोन्ही बाजूंना सारखे आणि संवेदना बऱ्यापैकी ठीक, तिथे कानाच्या पाळ्या जाड होणं, भुवया विरळ होणं हे बघावं लागतं. म्हणून घरचा कापूस दवाखान्यात पाठवण्यापुरता ठीक, घरी बसवण्यासाठी नाही.

अंजनेरीकर

राग कसला डॉक्टर, बरोबर आहे. आम्ही पण कापूस झाला की कोपराच्या मागची नस चाचपायचो, जाड दोरीसारखी लागते का ते. आणि चट्ट्यांची संख्या मोजायचो, पाचपर्यंत वेगळा गट, पाचाच्या वर वेगळा.

दोन_रंगी

आले का सगळे कोडावर! मग मी बोलतो, मला आहे. हात, ओठांचे कोपरे, गुडघे आणि दाढीचा एक तुकडा, तिथले केस पण पांढरे. कॉलेजला असताना सुरू झालं.

मासे खाऊन वर दूध प्यायल्याने झालं असं मला जितक्या लोकांनी सांगितलंय त्यांची एक वेगळी पंगत बसेल, आणि आमच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजलेला नाही. आंबट खाऊ नको, पांढरं खाऊ नको, वांगं खाऊ नको, शेवटी मी विचारलं हवा चालेल का.

नवीन असाल तर एकच कळकळीने सांगतो, बावचीचं तेल लावून उन्हात बसू नका. एका ओळखीच्याने दिलं, लावलं, गच्चीवर बसलो, दुसऱ्या दिवशी हातावर पाण्याने भरलेले फोड. फोड गेले आणि त्या जागी कोड अजून पसरलं. डॉक सांगतील का ते.

स्किनवाले_डॉक

बावचीत सोरालेन असतं, ते कातडीला उन्हाबाबत प्रचंड हळवी करतं. गंमत म्हणजे तोच पदार्थ मोजून मापून, ठराविक तरंगलांबीच्या दिव्याखाली कोडावर उपचार म्हणून वापरला जातो, १९७० च्या दशकात त्या पद्धतीला पुवा नाव पडलं. फरक मात्रेचा. बाटलीतल्या तेलात किती आहे आणि मे महिन्यातल्या नाशिकच्या गच्चीवर किती अतिनील किरण पडतायत हे कोण मोजणार? भाजलं की जखम होते आणि कोड जखमेच्या जागी उमटतं. खरचटणं, घट्ट पट्टा, दाढीचं ब्लेड, सगळ्याने होऊ शकतं.

कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच रंग तयार करणाऱ्या पेशी मारते. म्हणून आम्ही थायरॉईड तपासून घेतो, दोन्ही बऱ्याचदा हातात हात घालून येतात. वूड्स लॅम्प नावाचा जांभळा दिवा असतो, अंधाऱ्या खोलीत तो मारला की कोडाचा डाग निळसर पांढरा झगझगतो, नुसता फिकट डाग तसा झगझगत नाही, शिबं पिवळट दिसतं. अर्ध्या मिनिटात कोडं सुटतं. (कोटी आपोआप झाली.)

हल्ली नॅरोबँड यूव्हीबीचा, म्हणजे ठराविक अतिनील किरणांचा दिवा, मलमं, थांबलेल्या कोडावर कातडीचं रोपण असं बरंच आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये रुक्सोलिटिनिबच्या मलमाला कोडासाठी परवानगी मिळाली. चेहरा चांगला भरतो. बोटांची टोकं आणि ओठ हट्टी असतात, कारण नवा रंग बहुतेक करून केसांच्या मुळांतून वर येतो आणि तिथे केसच नसतात.

दोन_रंगी

एक्झॅक्टली. माझा चेहरा दिव्याने बराच भरला, बोटं तशीच. आता बोटांचं मनावर घेत नाही, फक्त सनस्क्रीन लावतो कारण पांढऱ्या जागा उन्हात लगेच भाजतात. आणि हो, हस्तांदोलन करा बिनधास्त, हे लागत नाही. मागे एका हॉटेलात वेटरने सुटे पैसे माझ्या हातात न देता टेबलावर ठेवले, मी पण टिप टेबलाखाली ठेवली.

काकू_पंचवटी

माझं ऐका जरा. कपाळावर टिकलीच्या जागी बरोबर टिकलीएवढा पांढरा गोल झालाय. हल्ली तर मोठी टिकली लावून तोच झाकते. यालाही कोडच म्हणायचं का? आमच्या घराण्यात कोणाला नाही हो.

स्किनवाले_डॉक

काकू, आधी टिकली बंद!! झाकायला तर मुळीच नको. टिकलीच्या मागच्या गोंदात काही वेळा एक रसायन असतं, ते रंगाच्या पेशींना विषारी. रबरी चपलेच्या पट्ट्यांखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली पण असेच डाग येतात, बघितलं की चपलेचा आकार ओळखू येतो. लवकर सोडली तर काहींचा रंग परत येतो, नाहीतर लांब दुसरीकडे पण डाग फुटू शकतात. उलट भेसळीच्या कुंकवाने काळपट डाग येतो, म्हणून "टिकली नको तर कुंकू लावते" हे पण जपून. एकदा दाखवून घ्या, नक्की तेच आहे का बघायला हवं.

निफाडचा_बागायतदार

पांढऱ्याचं झालं, आता काळ्याचं सांगा भो. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवर पेस्ट लावायची असते, डोळे एकसारखे फुटायला. ती हातमोजे फाटके असले की हातावर, आणि बादली कलंडली की पायावर. दोन दिवसात आग, लाल चट्टे, साल निघती. ते बरं होतं पण मागे काळे डाग राहतात ते पार द्राक्ष काढणीपर्यंत. मजुरांच्या हातांकडे बघून सांगता येतं कोण पेस्टिंगला होतं. पेस्टच्या दिवशी संध्याकाळी "बसायचं" नाही हे मात्र सगळ्यांना पाठ आहे, एकदा बसला त्याचं तोंड असं लालबुंद झालं की बायकोला वाटलं अटॅक आला.

स्किनवाले_डॉक

भाऊ ती हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. ते दारू पचवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं म्हणून तोंड लाल, छाती धडधड. कंपन्या स्वतःच आधी आणि नंतर काही दिवस दारू नको म्हणून लिहितात, नुसती संध्याकाळ टाळून भागत नाही.

मागे राहतो तो सुजेनंतरचा डाग. आपल्या सावळ्या कातडीत कशानेही सूज आली, मुरूम, डास, भाजणं, नायटा, तरी बरं होताना रंग खाली झिरपतो आणि डाग उरतो. वरवरचा तपकिरी असेल तर काही महिन्यांत जातो, निळसर राखाडी असेल तर रंग खोल गेलाय, वर्ष पण लागतं. त्यावर घासायचं नाही, लिंबू चोळायचं नाही. लिंबाचा रस लागून ऊन पडलं तर नवे डाग उठतात, सरबताच्या गाड्यांवरच्या पोरांच्या हातांवर ओघळाच्या आकाराचे बघितलेत मी.

अंजनेरीकर

लिंबूच काय, बिब्बा विसरलात! गुडघा दुखतो म्हणून बिब्बा लावायचा, मग तो उततो, अंगभर पुरळ आणि नंतर काळा डाग आयुष्याचा. जुन्या लोकांच्या गुडघ्यांवर ठिपक्यांच्या रांगा असायच्या, डाग विचारला की म्हणायचे "बिब्ब्याचा हाय, सोडा". आम्ही वहीत लिहायचो आणि पुढच्या घरी जायचो.

निफाडचा_बागायतदार

अजून एक. आमची आजी थंडीत शेकोटीजवळून उठत नाही, निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे. तिच्या नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत, मासे पकडायच्या जाळ्याची नक्षीच जशी. दुखत नाही काही.

स्किनवाले_डॉक

शेकण्याचेच आहेत. भाजणार नाही इतपत ऊब रोज रोज मिळत राहिली की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या नक्षीबरहुकूम रंग साठतो. हेच डाग आता आयटीवाल्या मुलांच्या मांड्यांवर बघतो, लॅपटॉप मांडीवर ठेवून. ऊब थांबली की पुष्कळदा फिके पडतात. आजींच्या डागावर कधी न भरणारी जखम किंवा गाठ झाली तर मात्र लगेच दाखवा, तिथे क्वचित कॅन्सर होऊ शकतो.

अंबड_नाईटशिफ्ट

वांगाबद्दल कोणी बोलणार का? दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर आलं. एका मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, पहिल्या पंधरवड्यात असा काही चेहरा उजळला की कंपनीतल्या चार जणींनी तीच नेली. मग बंद केली की आग, लाली, पुरळ, गालावर लव वाढली. परत लावली की शांत. म्हणजे आता सोडताच येत नाही. वांग आहेच वर.

स्किनवाले_डॉक

ताई, ट्यूबवर बारीक अक्षरात मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन असं काही लिहिलंय का बघा. म्हणजेच स्टेरॉईड. ते एरवी उत्तम औषध आहे, पण चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळलं की कातडी पातळ, बारीक रक्तवाहिन्या उघड्या, लव, पुरळ आणि तुम्ही म्हणता तशी सवय. इतके पेशंट येतात की त्वचारोगतज्ज्ञांनी याला वेगळं नावच दिलंय. एकदम बंद न करता आम्ही हळूहळू सोडवतो, या आणि दाखवा. ज्या चौघींनी नेली त्यांना पण पाठवा.

वांगाला हार्मोन, ऊन आणि घराणं तिन्ही लागतं. गर्भारपण, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, ही नेहमीची कारणं. बाळंतपणानंतर काहींचं आपोआप कमी होतं. नुसत्या अतिनील किरणांनीच नाही, साध्या दिसणाऱ्या उजेडाने पण वाढतं, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं. वांग जातं आणि परत येतं, पूर्ण बरं करून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

मिसळ_बिनतर्री

माझी केस वेगळी. खालच्या ओठावर आणि मनगटावर एक एक गोल जांभळट डाग. मध्ये फिका होतो, राखाडी राहतो, मग एकदम आग होऊन परत गडद. बायकोचं म्हणणं मिसळ खाल्ल्यावर होतं. रविवारी बाहेर मिसळ झाली, सोमवारी डाग पेटला, असं दोन-तीनदा झालंय खरं. म्हणून तर आयडी असा घ्यावा लागला.

स्किनवाले_डॉक

मिसळ आणि डाग यांच्यामध्ये काय घेता?

मिसळ_बिनतर्री

म्हणजे पोट बिघडतं तर जुलाबाची गोळी घेतो रात्री. मेडिकलमधून नेहमीची.

स्किनवाले_डॉक

सापडला चोर! टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, मेट्रोनिडाझोल यातलं काही त्यात असणार. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात, ते औषध पोटात गेलं की काही तासांत त्याच त्याच जागी डाग पेटतो, ओठ, हात आणि गुप्तांग या आवडत्या जागा. सल्फाच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन, अंगदुखीच्या गोळ्या, कधी साधं पॅरासिटामॉल पण करतं. दर वेळी घेत राहिलात तर डागांची संख्या वाढते, फोड येऊ शकतात. गोळीचं पाकीट घेऊन या, औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवायचं आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवायचं. मिसळ निर्दोष.

मिसळ_बिनतर्री

बायकोला हा धागा दाखवतोय. आयडी बदलता येतो का इथे?

सिडकोवासी

काकांची पाचवी तपासणी राहिली ती मी लिहितो, कारण आमच्या घरी ती उपयोगी पडली. गेल्या पावसाळ्यात भावाला ताप, चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून सगळे खूश, तर पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. आईला वाटलं घामोळं. माझी बहीण नर्स आहे, तिने काचेचा पारदर्शक ग्लास घेतला आणि ठिपक्यांवर दाबून ग्लासातून बघितलं. घामोळ्याची किंवा साध्या पुरळाची लाली दाबली की जाते कारण रक्त नळीतच असतं, बाजूला सरकतं. ह्याचे ठिपके दाबले तरी जसेच्या तसे. म्हणजे रक्त नळीच्या बाहेर, कातडीत सांडलंय. लगेच नेलं, डेंग्यू निघाला, प्लेटलेट बऱ्याच खाली. ताप उतरतो तेव्हाच डेंग्यूत धोका सुरू होतो हे आम्हाला तेव्हा कळलं.

स्किनवाले_डॉक

बहिणीला सलाम. दाबून न जाणारे ठिपके आणि ताप, यात दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही, रक्तस्राव वाढतो. ठिपक्यांसोबत मान ताठ, उलट्या, सुस्ती असेल तर तासांचा प्रश्न असतो. तापाशिवायही प्लेटलेट कमी होऊन ठिपके येतात, तेव्हाही रक्त तपासाच. म्हाताऱ्यांच्या हातावर मात्र जरा धक्का लागला की जांभळे डाग पडतात, कातडी पातळ झालेली असते. ते बहुतेक वेळा साधंच, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेवढं डॉक्टरच्या कानावर घाला.

नवीन_आजोबा

नातीच्या कमरेखाली जन्मापासून निळसर मोठा डाग आहे. सुईणबाई म्हणाल्या होत्या जातो. पाळणाघरातल्या बाईंनी मात्र "बाळ पडलं का, कोणी मारलं का" असं विचारून घर डोक्यावर घेतलं. शिवाय पोटावर दुधाच्या कॉफीच्या रंगाचा एक डाग आहे.

स्किनवाले_डॉक

निळा डाग आपल्याकडच्या किती तरी बाळांना असतो, रंगाच्या पेशी खोल राहिल्याने निळा दिसतो, चार-पाच वर्षांत विरतो. पाळणाघराला डॉक्टरकडून लिहून द्या, त्यांनी विचारलं ते चूक नाही. कॉफी रंगाचा एखादा डाग असणं पण नेहमीचं. लहान मुलात पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाचा आजार आहे का ते तपासतात. आणि बाळाच्या अंगावर पानाच्या आकाराचे फिके डाग, जोडीला झटके, असं असेल तर बालरोगतज्ज्ञाला डाग दाखवल्याशिवाय राहू नका, पालक फक्त झटक्यांचं सांगतात.

तुमच्या स्वतःच्या नडग्यांवर, हातांवर साबुदाण्याएवढे पांढरे ठिपके असतील तर ते वयाचे आणि उन्हाचे. करायचं काही नाही.

नवीन_आजोबा

आहेत!! तुम्ही कुठून बघताय?

सिडकोवासी

अमेरिकेतला चुलतभाऊ दर वर्षी तीळ तपासून घेतो, आपल्याला गरज आहे का?

स्किनवाले_डॉक

तेवढी नाही, मेलॅनोमा, म्हणजे रंगाच्या पेशींचा कॅन्सर, आपल्यात बराच कमी. पण होतो तेव्हा नेमका न बघितल्या जाणाऱ्या जागी, तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला त्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखालूनच झाली होती. तळपायावर नवा काळा डाग, वेडीवाकडी कड, दोन-तीन रंग, पसरतोय, किंवा नखावर काळी रेघ रुंद होत चाललीय, तर दाखवा. आंघोळीला दगडाने टाच घासता ना, तेव्हा तळवा पण बघत जा.

गुप्त_सदस्य

आयडी लपवून लिहितेय. काका, माझ्या मावशीला पाठीवर आणि दंडावर सात-आठ लालसर चट्टे होते, आशाताई तपासणीला आल्या तेव्हा सापडलं. कुष्ठरोगच निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची पाकिटं चालू आहेत. आता तीनेक महिन्यांत चेहरा आणि अंग काळवंडत चाललंय, चट्टे तर अजूनच काळे. मावशी म्हणते रोगापेक्षा औषध वाईट, वाडीतल्या बायका विचारतात, गोळ्या बंद करते. मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या काकांनी पण घरात वेगळं ताट ठेवायला सुरुवात केलीय.

अंजनेरीकर

ताई, मावशींना गोळ्या बंद करू देऊ नका. हे मी खूप बघितलंय, विशेषतः बायकांमध्ये, बरोबर या टप्प्यावर सोडतात. पाकिटात तीन औषधं असतात, त्यातलं क्लोफॅझिमिन कातडीत साठतं आणि तांबूस काळा रंग आणतं, चट्ट्यांवर जास्त. कातडी कोरडी पण पडते, खोबरेल लावायचं, उन्हात पदर घ्यायचा. कोर्स संपल्यावर रंग हळूहळू उतरतो, वर्षभर धरा, पण उतरतो. महिन्यातून एकदा मोठा डोस असतो त्या दिवशी लघवी लाल होते, ते रिफॅम्पिसिनमुळे, रक्त नाही. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरणारच.

पाचाच्या वर चट्टे म्हणजे बारा महिन्यांचा कोर्स, फुकट. ही तीन औषधांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवली, त्याआधी एकच गोळी वर्षानुवर्षं खायची आणि जंतू तिला सरावायचे. पहिल्या डोसनंतर लवकरच लागण पुढे जायची थांबते, त्यामुळे ते वेगळं ताट आजच आत घ्या. काकांना माझा नंबर द्या म्हणालो असतो पण इथे नंबर टाकता येत नाही, आशाताईंना घरी बोलवून काकांच्या समोर बोलायला लावा, पुरुष मंडळी बाहेरच्या माणसाचं ऐकतात. कोणी काडीमोडाची भाषा केली तर सांगा, २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलेलं नाही.

आणि हे नीट वाचा. मध्येच चट्टे लाल होऊन सुजले, कोपराच्या मागे किंवा हातापायात नसेला कळ आली, पाऊल उचलताना लोंबलं, करंगळी वळेना, डोळा लाल झाला, तर ती रिअ‍ॅक्शन असते, गोळ्यांची नाही, रोगाची. त्यात पण गोळ्या बंद करायच्या नाहीत, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, वेळेत औषध मिळालं तर हात वाचतो. घरातल्या सगळ्यांच्या पाठी तपासून घेतल्या का? लहान मुलं आहेत का घरात?

गुप्त_सदस्य

दोन आहेत, नऊ आणि बारा वर्षांची. नाही तपासलं कोणी. लाल लघवीचं मावशीने आत्ता फोनवर कबूल केलं, मागच्या महिन्यात त्याच्यामुळेच चार दिवस गोळ्या खाल्ल्या नव्हत्या, कोणाला सांगितलं नाही.

अंजनेरीकर

चार दिवसांनी काही बिघडत नाही, राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, आज जो दिवस असेल तिथून पुढे चालू. दवाखान्यात मात्र खरं सांगा, ते कार्डावर लिहून घेतात. मुलांना शनिवारी शाळा सुटल्यावर घेऊन जा, सकाळी गर्दी असते. अंगातले कपडे सैल घाला, पूर्ण पाठ, मांड्या, कुल्ले बघायला लागतात, नुसत्या बाह्या वर करून तपासणी होत नाही. तिथल्या माणसाने घाई केली तर थांबा म्हणा.